गोलामागे पुरलेले संत जोसेफ

सेंट लुइस,
ईस्टरच्या आधीच्या उपासांतला तिसरा शनिवार

प्रिय लोरेटाताई,

धाकट्या बर्नडीनचा नमस्कार, गुडघे परवानगी देतील तितका वाकून.

तुला आठवतं का, शनिवारी सकाळी आपण दोघी मागच्या पायरीवर बसून भावांच्या फुटबॉलच्या बुटांचा चिखल काढायचो? आईच्या लोणी लावायच्या सुरीनं. एकदा बुटाच्या तळव्यातून सुरी फिरवता फिरवता तू म्हणालीस, खेळायला मुली नकोत, मग चिखल तेवढा आपल्या वाट्याला का? आणि सुरी फ्रॉकला पुसून मुकाट्यानं परत खणात ठेवलीस. दुसऱ्या दिवशी फादर जेवायला आले आणि त्याच सुरीनं त्यांच्या पावाला लोणी लागलं. (हे आपल्या दोघींशिवाय कोणालाच ठाऊक नाही. फादर त्यानंतर एकतीस वर्षं ठणठणीत जगले, त्यामुळे मी हे पाप कधी मोजलं नाही.) का कोण जाणे, या वर्षी ती पायरी मला सारखी आठवते आहे. पत्र संपेपर्यंत तुलाही कळेल.

अ‍ॅरिझोनाचं कोरडं ऊन तुझ्या सांध्यांना मानवतंय हे वाचून बरं वाटलं. माझं म्हणशील तर रक्तदाब ठीक आहे, कानांना हवं तेवढं ऐकू येतं, आणि डावा गुडघा चर्चमध्ये दुखतो पण बागेत दुखत नाही. नाताळात तू फोनवर विचारलंस, कोलेटचं खेळणं कसं चाललंय, आणि मी छान म्हणून विषय हवेवर नेला. ते खोटं होतं. आता मात्र सगळं खरोखर छान झालं आहे आणि ते बरंचसं माझ्यामुळे झालं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी नात गोलकीपर झाली ती सहाव्या वर्षी, आमच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोन लोखंडी खांबांमध्ये. तिचा आजोबा लिओ बॉल मारायचा, ती अडवायची, आणि जे अडायचं नाही त्याचे गोल शिक्के माझ्या चादरींवर उमटायचे. लिओ स्वतः आपल्या संत कोलंबा कॉलेजचा गोलकीपर. त्या संघाचा फोटो अजून तिथल्या व्यायामशाळेच्या बोळात टांगलेला आहे: अकरा पोरं, पाच चर्चांच्या हद्दीतली, सगळ्यांचे कान एकाच न्हाव्यानं उघडे पाडलेले. कोलेट त्याच कॉलेजात गेली तेव्हा लिओनं त्या फोटोखाली उभं राहून चष्मा पुसल्याचं नाटक केलं होतं. पहिली दोन वर्षं ती बाकावर बसली, कारण तिच्यापुढे वरच्या वर्गातली एक मुलगी होती. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात लिओनं तिला विचारलं, तू गोलात कधी उभी राहणार? ती म्हणाली, "शेवटच्या वर्षी, आजोबा. तेव्हा माझाच नंबर आहे." त्याला जाऊन दोन वर्षं होतील. तिसरं वर्षही तिनं बाकावर काढलं. गेल्या ऑगस्टमध्ये तिचं शेवटचं वर्ष सुरू झालं.

आणि त्याच ऑगस्टमध्ये मी एका कागदावर सही केली. तुला माझी सवय माहीत आहे. रविवारच्या प्रार्थनेनंतर कॉफीच्या टेबलावर कागद फिरतो आणि मी सही करते. त्यात कधी केक आणायचा असतो, कधी झाडू मारायचा. या वेळी कोणा परदेशी विद्यार्थिनीला दहा दिवस घरात ठेवायचं होतं, कारण कॉलेजच्या वसतिगृहात पाण्याचा पाइप फुटला होता. मी मनात एक बारीक, भुकेली, भेदरलेली मुलगी धरून वरच्या खोलीत उबदार पांघरुणं घातली. दार उघडलं तर चौकटीच्या वरच्या पट्टीखाली वाकून सहा फुटांची एक गुलाबी गालांची पोरगी आत आली, तिनं पेटी उचलावी तशी मलाच उचलून मिठी मारली, आणि तिचं नाव स्टेनुन असल्याचं सांगितलं. आइसलंडची. आडनाव विचारलं तर म्हणाली, आमच्याकडे आडनाव नसतं, वडिलांचं नाव लावतात. धर्म विचारला तर ल्यूथरन. मी म्हटलं, असू दे, दहाच दिवस आहेत. (पाइप अजून दुरुस्त झालेला नाही.)

रविवारी कोलेट जेवायला आली. स्वयंपाकघरातल्या बंद हीटरवर वाळत घातलेले हातमोजे तिनं पाहिले. भलेमोठे, गोलकीपरचे. तिनं एक हातात घेतला, स्वतःचा हात त्यात घालून पाहिला, आणि काढून होता तसा ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तू तिला आपल्या घरात ठेवलंस?" एवढंच. मग बटाटे सोलायला बसली आणि साल नेहमीपेक्षा फार जाड काढू लागली.

मी तडक कॉलेजात गेले. कोच प्रेस्कॉट तीन वर्षांपूर्वी कनेटिकटहून आलेले गृहस्थ आहेत. मी आपल्या रीतीप्रमाणे आधी विचारलं, तुम्ही कोणत्या शाळेतले? आपल्या गावात या एका उत्तरावरून माणसाचं चर्च, आई कुठली, आजोबा कोणत्या गुत्त्यात बसायचे, सगळं उलगडतं. यांनी कुठल्याशा झाडाच्या नावाची शाळा सांगितली आणि संभाषण जागच्या जागी संपलं. भिंतीवर संघाची यादी होती. बर्गन, अक्रा, ब्रेमेन, स्पेनमधली दोन गावं. वाचताना मला सिस्टर परपेचुआंचा भूगोलाचा तास आठवला आणि मी तेव्हासारखीच नापास झाले. सव्वीस जणींत आपल्या गावच्या तीन. त्या तिघींना पाण्याच्या बाटल्या भरायला आणि सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणायला ठेवलेलं असावं, कारण बाकीच्यांना ते येत नव्हतं. मी म्हटलं, आमचं अंगण तुमच्या कचेरीपासून पाच गल्ल्यांवर आहे, आइसलंडपेक्षा जवळ पडलं असतं. कोच चिडले असते तर मला आवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मिसेस वोग्लर, तुमची नात चांगली आहे. पण ही तेवीस वर्षांची आहे, मोठ्या बायकांच्या क्लबात खेळलेली. या वर्षी जिंकलो नाही तर मलाच घरी जावं लागेल." मी त्यांच्यासाठी केक नेला होता. तो परत आणला.

मग मी कामाला लागले. हे लिहायला लाज वाटते, पण तू मोठी बहीण आहेस, फादर नाहीस. मी स्टेनुनला खायला घालायचं ठरवलं. न्याहारीला लोण्याचा चिकट केक, दुपारी मांस भरून तळलेली रॅव्हिओली, संध्याकाळी भाजलेलं डुकराचं मांस आणि वर पुन्हा केक. माझा हिशेब असा की ऑक्टोबरपर्यंत ती जमिनीवरून उडी मारू शकणार नाही. ती सगळं खायची, ताट स्वतः धुवायची, आणि मला अम्मा म्हणायची (त्यांच्याकडे आजीला हाच शब्द आहे, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दुसरा तुकडा वाढला). महिनाभरात तिचं वजन वाढलं ते सगळं मांडीत गेलं. तिनं मारलेली गोलकिक पूर्वी मैदानाच्या मध्यापर्यंत जायची, ती आता पलीकडच्या गोलापर्यंत जाऊ लागली. एक तर थेट आत गेली. कोच प्रेस्कॉटनी मैदान ओलांडून येऊन माझा हात हातात घेतला आणि आभार मानले.

म्हणून मग संत जोसेफ. गर्ट्रूडमावशीचं घर दोन वर्षं विकलं जात नव्हतं ते कसं विकलं, हे तुला सांगायला नको. वीतभर मूर्ती, डोकं खाली, तोंड रस्त्याकडे, अंगणात पुरली आणि नवव्या दिवशी गिऱ्हाईक दारात. माझं म्हणणं असं की जो संत तीन बेडरूमचं गळकं घर हलवू शकतो त्याला एक गोलकीपर जड नाही. घराच्या अंगणात पुरले असते तर कदाचित आमचंच घर गेलं असतं, एवढी अक्कल मला होती. म्हणून सप्टेंबरात एका दुपारी शेवंतीची कुंडी, खुरपं आणि मूर्ती घेऊन मी कॉलेजच्या मैदानावर गेले आणि स्टेनुन उभी राहते त्या गोलाच्या मागे खड्डा खणायला बसले. कुणी विचारलं तर लिओच्या आठवणीसाठी शेवंती लावते आहे असं सांगायचं होतं. मैदानाची राखण करणारा ओटिस आला, कुंडीकडे पाहिलं, खड्ड्यातून वर आलेल्या दोन इवल्या पायांकडे पाहिलं. तोही आपल्याच चर्चचा. म्हणाला, "बर्नडीनबाई, तोंड रस्त्याकडे केलंय ना? नाहीतर काम होत नाही." आणि गवत कापायला निघून गेला.

काम झालं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजनं जाहीर केलं की मैदान विकलं. गाड्या धुण्याचं केंद्र होणार आहे.

संत जोसेफांना दोष देता येत नाही. ते आयुष्यभर जागाजमिनीचं काम करत आले. गोलकीपर हा विषय त्यांना कोणी समजावला नव्हता, तो मी समजावायला हवा होता. पण ताई, ज्या मैदानावर लिओनं चार वर्षं डोकं फोडून घेतलं, जिथे त्यानं मला पहिल्यांदा विचारलं, तू कोणत्या शाळेतली, ते मी माझ्या हातानं विकलं असं मला वाटलं. कॉलेजचं म्हणणं विक्रीची बोलणी दोन वर्षं चालली होती. त्यांना काय माहीत. मी फादर मुलॅनींकडे गेले आणि सगळं कबूल केलं, केकपासून. जाळीच्या पलीकडे बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं: मूर्ती उकरून घरात मानाच्या जागी ठेव, आणि त्या मुलीला खरं सांग.

त्या मैदानावरचा शेवटचा सामना नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी होता. कोलेटच्या कॉलेजातलाही तो शेवटचाच. सकाळी सातला मी खुरपं घेऊन निघाले, तर स्टेनुन दारात बूट घालून उभी. अम्माची शेवंती हलवायला मदत करते म्हणाली. शेवंती केव्हाच वाळली होती आणि नेमकी जागा मला आठवत नव्हती. आम्ही दोघींनी गोलामागे तीन खड्डे केले. तिसऱ्यात ते सापडले, नाकात माती, चेहऱ्यावर तोच समजूतदार भाव. स्टेनुननं त्यांना तळहातावर सरळ उभं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी गुडघ्यांवरच होते, त्यामुळे सांगायला सोपं गेलं. मी म्हटलं, "तुला इथून घालवायचं म्हणून मी हे पुरलं होतं. तुझी जागा माझ्या नातीची होती."

ती रागावली नाही. खड्ड्याच्या काठावर बसली आणि मूर्तीच्या नाकातली माती नखानं काढत राहिली. मग म्हणाली, "अम्मा, गावातल्या क्लबात माझीही जागा होती. कॅन्ससची एक मुलगी आणली त्यांनी. मी दोन वर्षं बाकावर. म्हणून तर इथे आले."

कॅन्सस, ताई. आपल्या शेजारचं. एवढा समुद्र ओलांडून, वळसा घालून ते दुखणं पुन्हा आपल्याच दारात आलं होतं आणि मी त्याला दोन महिने केक वाढत होते. तिनं मला हात देऊन उभं केलं आणि आम्ही खड्डे बुजवले.

दुपारी सामन्याच्या आधी स्टेनुन कोचकडे गेली आणि उजव्या हाताचं मधलं बोट दुखतंय, वाकतच नाही, असं तिनं सांगितलं. कोचचा चेहरा तू पाहायला हवा होतास. त्यांनी बाकाकडे पाहिलं. कोलेट चार वर्षांत इतक्यांदा उठून परत बसली होती की हाक आली ती तिला खरीच वाटेना. शेजारच्या मुलीनं ढकललं तेव्हा ती उठली. चौथ्याच मिनिटाला पहिला गोल झाला, तिच्या दोन पायांमधून, कारण ती मी कुठे बसले आहे ते शोधत होती. (मी पिशवीत मूर्ती आणि डोक्यावर लिओची टोपी घेऊन तिसऱ्या रांगेत होते. खाली बस, दिसत नाही, असं मागून कोणीतरी दोनदा सांगितलं.) त्यानंतर काही आत गेलं नाही. ती उजवीकडे पडली, डावीकडे पडली, एकदा नाकावर पडली. अर्ध्या तासात तिच्या अंगावर कोरडी जागा उरली नव्हती. बाकावर स्टेनुन उभी राहून आइसलंडच्या भाषेत ओरडत होती आणि बोट दाखवून कोलेटला जागेवर सरकवत होती. तेच बोट. शेवटी आपल्या ब्रेमेनच्या मुलीनं गोल करून बरोबरी साधली आणि कोलेटनं पहिली धाव तिच्याकडे घेतली. बरोबरी म्हणजे हरणं नाही. लिओ नेहमी म्हणायचा, गोलकीपरला बरोबरी अर्ध्या विजयापेक्षा जास्त असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणच्याची बरणी मला उघडेना. स्टेनुननं ती उजव्या हातानं एका झटक्यात उघडली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि परत घट्ट लावून डाव्या हातानं उघडून दाखवली.

जानेवारीत तिनं गावच्या क्लबाला फोन केला. कॅन्ससची मुलगी लग्न करून परत निघाली आहे, त्यांना उन्हाळ्याच्या हंगामासाठी गोलकीपर हवी आहे. स्टेनुन स्वतः अजून एक वर्ष इथे शिकणार आहे. तेव्हा मेमध्ये पदवी हातात पडली की आपली कोलेट आइसलंडला खेळायला जाते आहे. समुद्रकाठी दीड हजार वस्तीचं गाव, सकाळी बालवाडीत काम, संध्याकाळी सराव, राहायला स्टेनुनच्या खऱ्या अम्माचं घर. कोलेटनं मला हे सांगितलं तेव्हा ती हीटरजवळ उभी होती आणि हातमोज्यांचे दोन जोड वाळत होते.

परदेशी खेळाडूंबद्दल माझं मत विचारशील, तर ते पक्कं होतं आणि आहे, फक्त आता ते बोलून दाखवताना आवाज थोडा खाली येतो. कालच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळताना स्टेनुन मदतीला होती. तिनं खोक्यांवरचा शिक्का वाचला आणि हसत सुटली. कॉड तिच्या देशाचा. गेली तीस वर्षं आपलं सगळं चर्च उपासाच्या शुक्रवारी आइसलंडचा मासा खात आलं आहे आणि मिसिसिपीतल्या मांगूरमाशाच्या बाजूनं एकानंही कधी तोंड उघडलं नाही. मीसुद्धा नाही. चवीला तो कॉड चांगला असतो, ताई. नाहीतर आणला कशाला असता.

संत जोसेफ आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत, डोकं वर, तोंड अंगणातल्या खांबांकडे. मैदानावर खोदकाम सुरू झालं आहे. ओटिसनं गोलाची जाळी मला आणून दिली, ती मी वाटाण्याच्या वेलांवर घालणार आहे. तू स्वतःची काळजी घे, गोळ्या जेवणानंतर घे, आणि माझ्यासाठी एक माळ जप. तीत काही मागू नकोस, नुसतीच जप. मागण्याच्या बाबतीत सध्या मी जरा जपून आहे.

तुझी धाकटी,
बर्नडीन

ता. क. — आईचा जाड लोकरीचा करडा कोट तू अ‍ॅरिझोनाला नेलास, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. त्या वाळवंटात तो कोणत्या दिवशी घालतेस हे मी आजवर विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. तो पाठव. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसले होते. तिथे मेमध्येही बर्फ पडतो म्हणे.

आणखी एक. त्या क्लबात बाकावर एक अठरा वर्षांची गावचीच गोलकीपर आहे, ब्रिंदिस नावाची, जिला वाटत होतं की या वर्षी तिचाच नंबर. ती स्टेनुनची मावसबहीण निघाली. म्हणजे ज्या अम्माच्या घरी कोलेट राहणार, तिचीच दुसरी नात. हे मला काल कळलं. मी त्या अम्माला पत्र लिहायला घेतलं आहे, पण पहिल्या ओळीपुढे सरकत नाही. ल्यूथरन लोक काही पुरतात का, हे फादर मुलॅनींना विचारलं; त्यांना पुन्हा खोकला आला.

आणि हो, गेल्या रविवारी कागद फिरत आला. कोचना ऑगस्टमध्ये डेन्मार्कची एक मुलगी ठेवायची आहे. मी सही केली.

तर खोकं भरशील तेव्हा त्यात काय कोणाचं ते चिठ्ठ्यांवर लिही, म्हणजे इथे घोळ होणार नाही. कोट कोलेटला. आईच्या हातची लोण्याच्या केकची कृती तुझ्याकडे आहे, ती त्या आइसलंडच्या अम्माला. लोण्याचं माप आई लिहायची त्याच्या दीडपट करून लिही, तिला कळायला हवं की आमचं मन साफ आहे. आपल्या भावांपैकी कुणाचे तरी लहानपणीचे फुटबॉलचे मोजे तुझ्या पेटीत असतील तर ते स्टेनुनला, तिला जुन्या वस्तू आवडतात. लिओचे चामड्याचे हातमोजे इथे माझ्याकडे आहेत, ते मी ब्रिंदिसला पाठवते आहे. तिला होतील की नाही माहीत नाही, पण बाकावर हात गार पडतात. आणि लोणी लावायची सुरी, ती तुझ्याच खणात आहे हे मला माहीत आहे, तीही कोलेटला. तिला सांग, सुरी तीच, पण आपल्या घरात पहिल्यांदाच एक पोरगी त्या सुरीनं स्वतःच्या बुटांचा चिखल काढणार आहे.